पेशीतली दवंडी

परभणीच्या उन्हाळ्याची बातमी एका आकड्यात येते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर गेला की तो आकडा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आणि खाली डोक्याला उपरणी बांधलेल्या माणसांचे छायाचित्र. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे झरी हे गाव याच आकड्याखाली मोडते. काळी जमीन, त्यात कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, हरभरा. आणि उन्हाळ्यातही न संपणारी अंगमेहनतीची कामे. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांच्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर ती उष्णतेची लाट. प्रत्यक्ष ४५ अंश झाले तर सरासरी बघायचीही गरज नाही. सरकारी कामासाठी ही व्याख्या ठीकच आहे. पण माणसाच्या शरीरातल्या पेशी उन्हाची नोंद वेगळ्या तऱ्हेने ठेवतात. त्यांच्या हिशेबात दुपारी तीनचा कमाल आकडा हा एक तपशील झाला. ताण किती वेळ चालला, मध्ये थांबला का, आणि थांबल्यावर झालेली मोडतोड निस्तरायला उसंत मिळाली का, याला तिथे जास्त किंमत आहे. ही नोंद ठेवणाऱ्या प्रथिनांचा एक मोठा गट म्हणजे प्रोटीन कायनेज. त्यांच्यावरच्या संशोधनातून मला पटलेली गोष्ट अशी, की ताणाची वर्दी देणारी कायनेजे बहुतेक वेळा खरे सांगत असतात. त्यांना गप्प बसवून फारसे हाती लागत नाही. ती ज्या कारणाने जागी झाली ते कारण हटवावे लागते आणि पेशीला उसंत द्यावी लागते. याला अपवाद आहेत, आणि ते किरकोळ नाहीत. त्यांचाही समाचार घ्यावा लागेल.

फॉस्फरस शेतकऱ्याला नवा नाही. डीएपीच्या पोत्यावर १८:४६ असे लिहिलेले असते, त्यातले ४६ म्हणजे स्फुरद. पेरणीबरोबर मातीत दिलेले हे स्फुरद दाण्यातून माणसाच्या शरीरात येते, त्यातले बहुतेक हाडांत आणि दातांत जाऊन बसते आणि उरलेले पेशींच्या कामाला लागते. पेशीतली ऊर्जेची देवघेव एटीपी नावाच्या रेणूतून चालते आणि त्याच्या शेपटीला तीन फॉस्फेट असतात. हा रेणू १९२९ साली उजेडात आला तो दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी. त्यातल्या एका ठिकाणी, हार्वर्डला, सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करणारे संशोधक होते आंध्रातल्या भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. रक्तातले फॉस्फरस मोजण्याची फिस्के-सुब्बाराव पद्धत त्याआधी चार वर्षे प्रसिद्ध झाली होती आणि पुढे कित्येक दशके जगभरच्या प्रयोगशाळांत ती चालली. कायनेज काय करते, तर एटीपीच्या टोकाचा एक फॉस्फेट काढून दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर ठरलेल्या जागी बसवते. एवढेच. पण फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे तो बसताच त्या प्रथिनाचा आकार थोडा पालटतो. निजलेले प्रथिन कामाला लागते, चालू असलेले थांबते किंवा एका जागेचे दुसऱ्या जागी जाते. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५० च्या दशकात सिअॅटलमध्ये सशाच्या स्नायूंवर काम करताना हे पहिल्यांदा नीट दाखवले. स्नायूतली साखर मोकळी करणारे एन्झाइम केवळ फॉस्फेट बसल्याने जागे होत होते. नोबेल मिळायला १९९२ उजाडले. माणसाच्या जनुकांची यादी हाती आल्यावर २००२ मध्ये मोजदाद झाली तेव्हा मानवी कायनेजांची संख्या ५१८ भरली. बसवलेला फॉस्फेट काढून टाकणारी प्रथिनेही आहेत, त्यांना फॉस्फेटेज म्हणतात. त्यांच्याविषयी फार कमी बोलले जाते. पुढे उन्हाच्या संदर्भात खरा घोटाळा त्यांच्याकडेच होतो.

या पाचशेंतली थोडीच कायनेजे ताणासाठी राखीव आहेत, पण ती फार जुनी आहेत. दारू आंबवणाऱ्या आणि पाव फुगवणाऱ्या यीस्टला मिठाच्या पाण्यात टाकले तर तिचे पाणी बाहेर खेचले जाते आणि ती आकसते. अशा वेळी तिला वाचवणारे हॉग-१ नावाचे कायनेज १९९३ साली सापडले. पुढच्याच वर्षी सस्तन प्राण्यांच्या पेशीत पी-३८ नावाचे कायनेज मिळाले, आणि हॉग-१ नसलेल्या यीस्टमध्ये ते घातल्यावर यीस्ट पुन्हा खारट पाण्यात तग धरू लागली. यीस्ट आणि माणूस यांचे पूर्वज वेगळे होऊन शंभर कोटींहून अधिक वर्षे उलटली असतील. तरी सुटा भाग चालतो. पी-३८ आणि त्याचे भावंड जेएनके ही दोन्ही उष्णता, अतिनील किरणे, पाणी कमी पडणे, जंतूंची विषे अशा नाना कारणांनी जागी होतात. प्रत्येक कारणासाठी वेगळा मार्ग नाही. गावचा कोतवाल दवंडी देतो तेव्हा हुकूम त्याचा नसतो, वरून आलेला असतो. तसे यांचे आहे. दवंडी ऐकून पेशी वाढ थांबवते, नव्या प्रथिनांची निर्मिती आवरते, दुरुस्तीचे सामान काढते, आणि नुकसान हाताबाहेरचे असेल तर स्वतःला संपवायची तयारीही करते. आता प्रश्न असा, की ही दवंडी पेशीच्या हिताची की अहिताची? नुसते अंदाज बांधून याचे उत्तर मिळत नाही. दवंडी देणाराच काढून टाकला तर काय होते ते बघावे लागते, आणि एका कायनेजाबाबत ते फार स्वच्छ बघितले गेले आहे. त्याचा आपल्या भागाशी थेट संबंध आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघाले. निम्म्याहून जास्त. अशा बाईच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर लोह कमी पडल्याची खूण चटकन दिसते. निरोगी तांबडी पेशी साधारण सात मायक्रॉनची, जवळच पडलेल्या छोट्या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाएवढी, आणि मधला फिकट भाग तिच्या रुंदीच्या एक तृतीयांशाएवढा. लोह नसलेल्या रक्तात पेशी खुजी होते आणि तो फिकट भाग इतका पसरतो की कडेला लालीची फक्त किनार उरते. बघणाऱ्याला वाटते, लोह नाही म्हणून पेशी आपोआप फिकट आणि लहान झाली. तसे नाही. तिला कुणीतरी लहान ठेवले आहे.

हिमोग्लोबिन बनते ते ग्लोबिन नावाच्या चार प्रथिन-साखळ्या आणि त्यांत बसलेल्या चार हीम-चकत्यांनी; प्रत्येक चकतीच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. लोह कमी पडले की हीम कमी पडते. पण ग्लोबिन बनवायला लोह लागत नाही, त्याची निर्मिती चालूच राहिली तर हीमवाचूनच्या साखळ्यांचे गठ्ठे साचतील आणि अस्थिमज्जेत वाढणारी तांबडी पेशी त्या गठ्ठ्यांनीच मरेल. इथे एचआरआय नावाचे कायनेज आडवे येते. हीम भरपूर असते तेव्हा ते याच कायनेजालाही चिकटून बसलेले असते आणि कायनेज गप्प असते. हीम सुटले की ते जागे होते आणि प्रथिननिर्मिती सुरू करून देणाऱ्या ईआयएफ-२ या घटकावर, नेमक्या ५१ व्या जागेच्या सेरीनवर, फॉस्फेट बसवते. निर्मिती मंदावते. ग्लोबिन कमी, हीमही कमी, दोघांचा मेळ बसतो. पेशी खुजी आणि फिकट राहते, पण जगते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जेन-जेन चेन यांच्या गटाने २००१ मध्ये एचआरआय नसलेले उंदीर तयार करून त्यांना लोह नसलेला आहार दिला. साध्या उंदरांच्या रक्तपेशी अपेक्षेप्रमाणे लहान झाल्या. कायनेज नसलेल्या उंदरांच्या पेशी मात्र आकाराने जवळजवळ नेहमीसारख्या राहिल्या, आत ग्लोबिनचे गठ्ठे साचले आणि पंडुरोग उलट जास्त वाईट झाला. काचपट्टीवर आपण ज्याला आजार म्हणतो त्यातला निम्मा भाग असा शरीराने केलेला काटकसरीचा कारभार आहे. ही वर्दी बंद पाडणारे औषध कुणी आणले तर पेशी काचेखाली भरदार दिसेल आणि बाई अधिक आजारी होईल.

मग उपाय कुठे? जिथून हुकूम निघतो तिथे, म्हणजे लोहात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने (ते १९७२ सालचे) आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने मिळून ‘परभणी शक्ती’ नावाचे ज्वारीचे वाण २०१८ मध्ये प्रसारित केले, त्याचे महत्त्व मला या ठिकाणी वाटते. नेहमीच्या वाणांच्या दाण्यात किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह आणि २० मिलिग्रॅमच्या आसपास जस्त असते. शक्तीत ते अनुक्रमे ४५ आणि ३२ पर्यंत जाते, आणि लोहाला धरून ठेवणारे फायटेट कमी आहे. भाकरी ज्यांचे रोजचे अन्न आहे त्यांना हा फरक ताटातच मिळतो, वेगळे काही गिळावे लागत नाही. पण अतिशयोक्ती नको. धान्यातले लोह शरीराला मांसातल्या लोहाइतके लागत नाही, जेवणावर चहा घेतला तर आणखी कमी लागते, आणि पाळीतून किंवा बाळंतपणात गेलेले रक्त एकट्या भाकरीने भरून निघत नाही. आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्यांची जागा ज्वारी घेऊ शकत नाही. शिवाय सगळा पंडुरोग लोहाचा नसतो. बी-१२ कमी असेल, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर लोह ओतून काही साधत नाही. मुद्दा एवढाच, की कायनेजाने दिलेली बातमी खरी होती आणि औषध बातमीच्या उगमाशी करायचे होते.

आता ऊन. उष्णतेने पेशीत काय होते याची पहिली खूण योगायोगाने मिळाली. इटलीत फेरुच्चो रितोसा यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या उबवणी-पेटीचे तापमान कुणीतरी वाढवून ठेवले होते. त्या माश्यांच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रे बघताना नेहमी नसलेल्या जागी फुगवटे दिसले. म्हणजे तिथली जनुके एकाएकी जोरात चालू झाली होती. हा शोध १९६२ मध्ये छापून आला, आधी एका नावाजलेल्या नियतकालिकाने तो बिनमहत्त्वाचा म्हणून परत पाठवला होता. त्या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांना आज हीट शॉक प्रथिने म्हणतात आणि ती माणसासकट जवळजवळ सर्व सजीवांत आहेत. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या सैल होतात, सैल झालेली प्रथिने एकमेकांना चिकटतात. हीट शॉक प्रथिने त्यांना धरून पुन्हा घडी घालून देतात. पण ती तयार व्हायला तास-दोन तास तरी लागतात, आणि तोवर पी-३८ व जेएनके यांची वर्दी सुरू झालेली असते.

वर्दी सुरू होण्याची तऱ्हा मात्र विलक्षण आहे. उष्णता जेएनकेला डिवचते असे पुष्कळ काळ समजले जात होते. बोस्टनमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले ते उलटेच होते. जेएनकेवर फॉस्फेट बसण्याची थोडी कुरबुर पेशीत सतत चालू असते. शांत पेशीत फॉस्फेटेज तो लगोलग काढून टाकते. हे फॉस्फेटेज उष्णतेला फार हळवे आहे. ताप वाढला की त्याचीच घडी मोडते, काढणारे कुणी उरत नाही, आणि बसवलेले फॉस्फेट बसूनच राहतात. म्हणजे हाका मारणारा जास्त जोरात ओरडू लागला असे नसून त्याला थांबवणारा कोसळला आहे. त्याच गटाला असेही आढळले, की हीट शॉक प्रथिनांपैकी ७२ नावाचे प्रथिन पेशीत आधीच भरपूर असेल तर ते या फॉस्फेटेजाला सावरते आणि जेएनके लवकर शांत होते. आणि शांत होणे का महत्त्वाचे, याचा पुरावा २००६ मध्ये रॉजर डेव्हिस यांच्या गटाने दिला. त्यांनी उंदराच्या अशा पेशी तयार केल्या की जेएनके हव्या त्या वेळी बंद करता येईल, आणि पेशींना उष्णतेऐवजी दाह निर्माण करणारे एक रसायन दिले. पहिल्या तासाभरातले जेएनकेचे काम पेशीला जगवणारे निघाले. तेच काम पुढचे काही तास चालू राहिले तर मारणारे. कायनेज एकच, फॉस्फेटही तेच. फरक फक्त किती वेळ चालले याचा.

हे मान्य केले तर दिवसाच्या कमाल आकड्यापेक्षा दोन गोष्टींकडे जास्त लक्ष द्यावे लागते, दुपारच्या विसाव्याकडे आणि रात्रीकडे. हा माझा निष्कर्ष आहे, पेशीवरच्या प्रयोगांतून तो थेट सिद्ध झालेला नाही, हेही सांगायला हवे. पण शरीरशास्त्र त्याच दिशेला बोट दाखवते. उन्हात राबताना रक्त कातडीकडे आणि स्नायूंकडे वळते, आतड्याला कमी पडते. आतड्याचे अस्तर ढिले पडले की आतल्या जंतूंच्या भिंतींचे तुकडे रक्तात झिरपतात, आणि ते ज्या मार्गाने दाह पेटवतात त्या मार्गावर पी-३८ आणि जेएनके पुन्हा उभी असतात. रात्री शरीर थंड झाले तर ही साखळी तुटते. हवामान खात्याकडे उष्ण रात्रीची व्याख्या आहेच: कमाल ४० च्या पुढे असताना किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढे राहिले तर ती उष्ण रात्र. तिची बातमी मात्र क्वचित होते. मराठवाड्यात पूर्वी जाड भिंतींची माळवदाची घरे होती; वर मातीचा जाड थर, आत गारवा, आणि उन्हाळ्यात अंथरूण माळवदावर. आज त्यांच्या जागी पत्रे आणि स्लॅब आले. पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, आणि स्लॅब दिवसभर प्यालेली धग मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. माळवदाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही; ते गळायचे, दरसाल माती टाकावी लागायची, ती टाकणारे हात आता नाहीत. पण घरकुलाचा आराखडा करताना छताला चुना फासण्याचा खर्च कुणी धरत नाही, याचे आश्चर्य वाटते.

यावर पहिला आक्षेप औषधांच्या बाजूने येईल. कायनेज बंद करणारी औषधे तर गाजलेली आहेत! बरोबर आहे, आणि त्यांतल्या एका औषधाने मुंबईत इतिहास घडवला. सोराफेनिब हे कायनेजरोधक औषध मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावर देतात. बायर कंपनी नेक्सावर या नावाने ते महिन्याला २,८०,४२८ रुपयांना विकत होती. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईत पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला भारतातला पहिला सक्तीचा परवाना दिला, आणि तेच औषध महिन्याला ८,८८० रुपयांत देण्याची अट घातली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो परवाना कायम केला. त्याहून मोठे यश इमॅटिनिबचे. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि एबीएल नावाचे कायनेज कायमचे चालू अवस्थेत अडकते. इमॅटिनिब ते बंद करते आणि एके काळी काही वर्षांत जाणारे रुग्ण आज दशकानुदशके जगतात. पण बारकाईने बघितले तर हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे वरून हुकूम आलेलाच नाही. कायनेज स्वतः बिघडून खोटी दवंडी पिटते आहे, तेव्हा तिला गप्प करणे हाच इलाज. सोराफेनिब ज्या यकृताच्या कर्करोगात देतात तिथे असे एकच बिघडलेले कायनेज नसते, आणि तिथे फायदाही तेवढाच मर्यादित: २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुख्य चाचणीत औषध घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १०.७ महिने, न घेणाऱ्यांचे ७.९.

याउलट पी-३८ ची गोष्ट बघा. ते दाह पेटवते म्हणून संधिवातापासून हृदयविकारापर्यंत सगळ्यांवर पी-३८ रोधक औषध चालेल अशी औषध कंपन्यांची खात्री होती. वीसेक वर्षे आणि अमाप पैसा खर्च झाला. संधिवातात रक्तातले दाहाचे चिन्ह पहिल्या काही आठवड्यांत उतरायचे आणि औषध चालू असतानाच परत चढायचे. लॉसमापिमॉड हे औषध हृदयविकाराच्या झटक्यानंतर साडेतीन हजार रुग्णांवर तपासले गेले. २०१६ मध्ये निकाल आला की पुढच्या झटक्यांत काही फरक नाही. कारणाचा एक धागा पेशीतच होता: पी-३८ आपल्याच वरच्या कायनेजाला लगाम घालत असते, त्यामुळे पी-३८ बंद केले की तो लगाम सुटतो आणि बाजूच्या जेएनकेकडे जास्त जोर जातो. खरी बातमी दाबली तर ती दुसऱ्या वाटेने बाहेर पडते. माझ्या म्हणण्याला खरा छेद देणारे उदाहरण वेगळे आहे, जेएके कायनेजांचे. संधिवातात ती बिघडलेली नसतात, निरोपच पोचवत असतात, आणि तरी ती रोखणारे टोफासिटिनिब काम करते. २०१२ पासून ते वापरात आहे. इथे मला माघार घ्यावी लागते, पण पूर्ण नाही. संधिवातात शरीर स्वतःविरुद्धच लढते, हटवता येईल असे बाहेरचे कारण हाती नसते, म्हणून निरोप्याला अडवण्यावाचून गत्यंतर नाही. त्याची किंमतही मोजावी लागते: हे औषध सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते, कारण अडवलेल्या निरोपांत जंतूंविरुद्धचे निरोपही असतात. उन्हाचे आणि लोहाचे तसे नाही. तिथे कारण समोर दिसते आहे.

दुसरा आक्षेप गावातलाच. ‘आमच्या माणसाला उन्हाची सवय असते.’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो बराचसा खरा आहे. उन्हात रोज थोडे थोडे काम केले तर आठवडा ते दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, घामातले मीठ कमी होते, रक्तातले पाणी वाढते, हृदयाचे ठोके आवरतात. पेशीच्या पातळीवरही, आधी सौम्य उष्णता सोसलेली पेशी नंतरची तीव्र उष्णता तगून काढते, कारण हीट शॉक प्रथिनांचा साठा तयार असतो आणि तोच फॉस्फेटेजाला सावरतो. ताण थोडा असेल आणि थांबत असेल तर तो बळ देतो, यात वाद नाही. पण सवय ही विसाव्यातच तयार होते, आणि ऊन सुटले की काही आठवड्यांत ओसरते. पुण्या-मुंबईला बांधकामावर सावलीत काम करून एप्रिलमध्ये गावी परतलेला मुलगा पहिल्याच दिवशी विहिरीच्या खोदकामावर जातो तेव्हा त्याच्याजवळ ती सवय नसते, फक्त ती असल्याचा विश्वास असतो. लोहाची कमतरता असलेल्या बाईचे हृदय तर सावलीत बसूनही जास्त धडधडते, कारण थोड्या हिमोग्लोबिनवर तेवढाच प्राणवायू पोचवायचा असतो. उन्हाने कातडीकडे वळवलेले रक्त हा तिच्यावर पडलेला दुसरा बोजा. मार्च-एप्रिलमध्ये हळद शिजवण्याच्या कढईजवळ उभ्या असलेल्या बाईला ‘सवय आहे’ म्हणणे सोपे आहे. तिच्या रक्ताची तपासणी आधी करावी आणि मग म्हणावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. बशीतल्या पेशी ४२-४३ अंशांवर तापवून काढलेले निष्कर्ष शेतातल्या माणसाला कसे लावणार? हवा ४४ अंश असली तरी घाम येत आहे तोवर मजुराच्या शरीराचे आतले तापमान ३८-३९ च्या आसपासच राहते. ४० ओलांडले तर तो उष्माघात. म्हणून केवळ जेएनकेच्या बळावर कामाचे तास ठरवा असे मी म्हणणार नाही. पण मध्य अमेरिकेत ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे तरुण वयात निकामी होत असल्याचे लक्षात आल्यावर तिथे पाणी, सावली आणि ठरलेल्या वेळी विसावा असे कार्यक्रम सुरू झाले. निकारागुआतल्या एका मोठ्या साखर कारखान्यात विसावा वाढवल्यावर हंगामभरात मूत्रपिंडाला इजा झालेल्या तोडणी कामगारांचे प्रमाण घटलेले दिसले. पाणी आधीही दिले जात होते. मूत्रपिंडाच्या पेशी खारट भोवतालात राहतात आणि पाणी आटले की तो भोवताल आणखी खारट होतो. यीस्टमध्ये सापडलेल्या हॉग-१ चा मानवी वारस तिथे काम करतो. बशीतला पुरावा आणि उसाच्या फडातला पुरावा असे दोन बाजूंनी येऊन एकाच जागी भेटतात, तेव्हा तो नाकारणे अवघड होते. गंगाखेड-सोनपेठकडून कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या टोळ्यांसाठी अशी मोजणी आपल्या कारखान्यांनीही करायला काय हरकत आहे? तोडीचा हंगाम थंडीत सुरू होतो, पण लांबला तर मार्च-एप्रिलच्या उन्हात जातो.

राहता राहिला विसाव्याचा खर्च. रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळातून याच राज्यात उभी राहिली, तिचा कायदा १९७७ चा. तिथे मजुरी कामाच्या मोजमापावर ठरते. खुरपणी अनेकदा गुत्त्याने दिली जाते, कापूस किलोवर वेचला जातो, ऊस टनावर तोडला जातो. शरीर बारा वाजता थांब म्हणून सांगते, तहान लागते, डोके जड होते, पाय ओढू लागतात. हीही वर्दीच. पण सावलीत घालवलेल्या अर्ध्या तासाचे ब्रास भरत नाहीत, किलो वाढत नाहीत, आणि संध्याकाळी पैसे तेवढे कमी हातात पडतात. दुपारच्या दोन तासांचा दर मोजमापात धरला, म्हणजे एप्रिल-मेसाठी तेवढ्याच मजुरीला कामाचे माप कमी ठेवले, तर हा हिशेब बदलेल. ते माप किती कमी करायचे हे पंचायत समितीच्या टेबलावर ठरण्यासारखे आहे, आणि त्यासाठी आणखी संशोधनाची वाट बघण्याची गरज मला तरी दिसत नाही.